कनवटीचे चाकू आणि नावेचा दोर

फार जुनी गोष्ट आहे. नदीवर पूल बांधता येतो, हे त्या मुलखात अजून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एका रुंद नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे बाजार होता. गावाला बाजाराशी जोडणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे एक दोर.

दोर साधासुधा नव्हता. अंबाडीच्या वाखाचा, तीन पेडांचा, गड्याच्या मनगटापेक्षा जाड. अलीकडे तो एका जुन्या अर्जुनाच्या झाडाला बांधलेला होता आणि पलीकडे दगडी खांबाला. नावेला एक लोखंडी कडी होती आणि त्या कडीतून हा दोर ओवलेला होता. नावाडीण नावेत उभी राही, दोर हातांनी मागे मागे ओढी आणि नाव पुढे पुढे जाई. नवरा गेल्यापासून ती एकटीच हे काम करत होती. वल्ही नव्हती, शीड नव्हतं. तिचे दोन हात आणि तो दोर, एवढंच. खाली अर्ध्या कोसावर नदी कड्यावरून कोसळत असे. दोर सुटला तर काय होईल, हे गावात कुणी मोठ्याने बोलत नसे.

त्या गावात एक म्हातारे पंतोजी राहत. तरुणपणी दूरच्या नगरीत बारा वर्षं राहून ते न्याय शिकले होते, गणित शिकले होते, आणखीही बरंच काही शिकले होते. इतकं शिकल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसत. आमटीत मीठ कमी आहे असं म्हणण्याआधी ते चार घास जास्त खात, न जाणो आपल्याच जिभेची चूक असेल. बोलू लागले की वाक्याची सुरुवात 'मला आपलं वाटतं' अशी होई आणि शेवट 'अर्थात माझी चूक असेल' असा. मधे जे काही असे, ते ऐकणारे सोडून देत.

एका बाबतीत मात्र पंतोजींचं गावात वजन होतं. त्यांच्याकडे चाकू होता.

चाकू तर गावात प्रत्येकाकडे होता. त्या गावचा पुरुष कनवटीला चाकू खोचल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. बाजाराच्या दिवशी, म्हणजे दर सोमवारी, सगळे अर्जुनाखाली नावेची वाट पाहत बसत. नाव एका खेपेला दहाच माणसं नेई. बाकीच्यांनी करायचं काय? मग एकाने आपला चाकू काढून दाखवला, दुसऱ्याने आपला. होता होता त्याची रीतच पडून गेली. मेंढपाळ आपली घोंगडी अंथरी, आणि त्या काळ्या घोंगडीवर अकरा जणांचे अकरा चाकू उघडून मांडले जात. पातं स्वतःकडे, मूठ समोरच्याकडे. दुसऱ्याचा चाकू डाव्या हाताने उचलायचा नाही. परत देताना मिटून द्यायचा. आणि हातात घेतला की त्याच्याबद्दल एक चांगलं आणि एक वाईट बोललंच पाहिजे, नुसतं 'छान आहे' म्हणून सुटका नाही.

माणसांपेक्षा त्या चाकूंचीच नावं जास्त लोकांना ठाऊक होती. मेंढपाळाच्या चाकूला मेंढ्याच्या शिंगाची मूठ होती, त्याचं नाव 'काळी'. पानमळेवाल्याचा चाकू पुढे वाकडा होता, तो 'पोपट'. वैद्यबुवांचा बारीक पात्याचा, मुळ्या सोलायचा चाकू म्हणजे 'सुई'. पाटलांच्या चाकूला चांदीचे बारीक खिळे ठोकले होते आणि त्याचं नाव 'राणी' होतं. राणीने आयुष्यात पेरूपेक्षा कठीण काही कापलं नव्हतं, पण ते पाटलांना कुणी सांगत नसे.

पंतोजींचा चाकू सगळ्यांत लहान. बोरू तासायचा, साध्या लाकडी मुठीचा. त्याला नाव नव्हतं. नाव ठेवायला पंतोजी बसले होते खरे, पण एक नाव सुचलं की लगेच दुसरं बरं वाटे. मात्र धार अशी की त्या चाकूने तासलेला बोरू कागदावर टेकला की अक्षर आपोआप वळणदार येतं, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत.

"पंत," मेंढपाळ दर सोमवारी विचारी, "आठवडाभरात काय काय कापलंत? दोन बोरू आणि अर्धा विचार?"

सगळे हसत. पंतोजीही हसत. त्यांना तिथे बसायला आवडे. घरी पोथ्या होत्या, पण पोथ्या हसत नाहीत.

एकदा असं झालं, की कुणाच्या चाकूची धार सगळ्यांत चांगली यावरून वाद पेटला. पानमळेवाल्याने विड्याचं पान हवेत धरून चिरलं. वैद्यबुवांनी मनगटावरचे केस उडवले. पाटील म्हणाले, हे सगळं हाताचं कसब आहे, धारेचं नाही. आवाज चढले. दोघांनी तर आपापले चाकू मिटून कनवटीला खोचले आणि उठायची तयारी केली. मोडणाऱ्या बैठकीकडे पाहून पंतोजींना कसंसंच झालं. ते उठले आणि एरवी कधी बोलत नसत तसं, एकदम ठाम बोलले.

"धार काय कापते यावरून कळत नाही. काय न कापता सोडते, यावरून कळते."

असं म्हणून ते नावेच्या दोराकडे गेले. झाडापासून नावेच्या उतारापर्यंत वीस पावलं दोर छातीच्या उंचीवर ताणलेला होता, अगदी त्यांच्या बैठकीवरून. पंतोजींनी नखाने वाखाचा एक तंतू उचलला, त्याच्या खाली पातं सरकवलं आणि तेवढाच कापला. शेजारच्या तंतूला ओरखडासुद्धा नव्हता.

मग एकेकाने तसं करून पाहिलं. कुणाचे तीन तंतू तुटले, कुणाचे पाच. पाटलांच्या राणीने तर एक पुंजकाच उचलला. त्या दिवसापासून तीच खरी परीक्षा ठरली. दर सोमवारी प्रत्येकाने दोराचा एक तंतू कापायचा. ज्याला नेमका एकच कापता आला, त्याने तो पागोट्यात तुऱ्यासारखा खोवायचा. बाजारात पागोट्यावर तो पिवळसर तंतू दिसला की लोक वळून बघत.

पंतोजींना मनातून फार बरं वाटलं. आयुष्यभर ते बोलत आले होते, आणि पहिल्यांदाच लोकांनी त्यांचं ऐकलं होतं. ते आपला तंतू पागोट्यात खोवत नसत, त्यांना ते शोभेलसं वाटेना. घरी आणून ते तो एका जाड पोथीत पानांच्या मधे ठेवत, खुणेसारखा.

अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी, आश्विनात, पंतोजींनी काही संदर्भ पाहायला ती पोथी काढली. पाहून झाल्यावर मिटू लागले, तर पोथी मिटेना. वरची लाकडी फळी खाली बसेचना, दोरी पुरेना. त्यांनी पानं झटकली तेव्हा मांडीवर तंतूंचा ढीग पडला. आपण इतके साठवले, याचंच त्यांना नवल वाटलं. गंमत म्हणून त्यांनी ते सगळे गोळा केले आणि मांडीवर पीळ देऊन वळले. करंगळीएवढा जाड दोर झाला.

तो दोर हातात धरून पंतोजी हिशेब करू लागले. हे एकट्याचे, आणि तिथे अकरा जण कापतात. शिवाय बाकीच्यांचे हात आपल्यासारखे हलके नाहीत.

ते उठून पागोटं घालू लागले. आणि मग, नेहमीप्रमाणे, त्यांना दुसरी बाजू दिसू लागली. सुटे तंतू फुगतात, दोरात ते दाबून बसलेले असतात, म्हणजे वाटते तेवढी झीज नसणार. शिवाय कापलेले तंतू काही एकाच जागचे नाहीत, वीस पावलांत विखुरलेले आहेत. शिवाय दर चैत्रात गावकरी दोराला तेल पाजतात, त्यात कुणाच्या लक्षात आलं नसतं का? पागोटं पुन्हा खुंटीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी ते नदीवर गेले. जवळ कुणी नाही असं पाहून त्यांनी खिशातला सुती धागा काढला, उताराजवळच्या न कापलेल्या दोराला गुंडाळून गाठ मारली, मग झाडाजवळच्या दोराला गुंडाळून दुसरी गाठ मारली. दोन गाठींमधे तीन बोटांचं अंतर पडलं. पण आदल्या रात्री दव पडलं होतं. ओला दोर फुगतो, आणि उताराजवळचा दोर नेहमीच जास्त ओला असतो. कोरड्यात मापायला हवं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नाही. दोर झिजला हे सिद्ध झालं, तर पहिला तंतू कुणी कापला हेही सिद्ध होणार होतं.

त्या सोमवारी मात्र त्यांनी धीर केला. घोंगडीवर चाकू मांडून झाले, तेव्हा ते म्हणाले, मला आपलं वाटतं की दोर जरासा बारीक झाला असावा, म्हणजे तसा नसेलही, धाग्याने मोजला पण दव होतं, अर्थात माझी चूक असेल. मेंढपाळ म्हणाला की पंतांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकतोय, त्यांना सगळंच बारीक दिसणार. वैद्यबुवांनी दोरावर थाप मारली आणि अजगर आहे अजगर असा निर्वाळा दिला. तरी पानमळेवाला जरा विचारी होता. त्याने दोराखाली वाकून पाहिलं.

"वरच्या अंगाने झिजलाय खरा," तो म्हणाला. "आपण सगळे वरूनच कापतो ना. आजपासून खालून कापू या. म्हणजे दोन्ही अंगं सारखी होतील."

हे सगळ्यांना पटलं. अकरा जणांनी त्या दिवशी खालून तंतू कापले. आणि वाईट असं, की ते पंतोजींनाही थोडंसं पटलं. निदान चर्चा तरी झाली, असं वाटून त्यांच्या मनावरचं ओझं हलकं झालं. त्यांनीही वाकून एक तंतू कापला.

चारच दिवसांनी नावाडीण त्यांच्या दारात आली. पलीकडच्या वस्तीवरची मुलं ती रोज सकाळी त्यांच्या शाळेला घेऊन येई, तशी त्या दिवशीही आली होती. मुलं आत जाऊन बसली तरी ती पायरीवर उभी राहिली. तिचे तळहात दोराने इतके निबर झाले होते की तिला जळता निखारा उचलता येई.

"पंतोजी, एक विचारू का?" ती म्हणाली. "वरती पाऊस लागलाय म्हणतात. पाणी चढतंय. नाव मधे गेली की दोर आधी जसा ताठ असायचा, तसा राहत नाही. लोंबतो. नदीवरचा सगळा दोर माझ्या हाताखालून जातो, त्यातला तंतू न् तंतू मला ठाऊक आहे. तो चांगला आहे. पण झाडापासून उतारापर्यंतचा तुकडा माझ्या हाताला कधी लागत नाही. तिथे तुम्ही मंडळी बसता, म्हणून मी निर्धास्त असते. तो बरा आहे ना?"

पंतोजींनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, अगदी टोकाला. करंगळीएवढा तो दोर आतल्या कोनाड्यातच पडला होता. नुसता आणून दाखवला असता तरी पुरलं असतं.

"मला आपलं वाटतं," ते म्हणाले, "एकदा नीट पाहायला हवं."

"तुम्ही म्हणत असाल तर आजच नाव बांधते. तो तुकडा बदलायला चार दिवस लागतील. लोक ओरडतील, पण ओरडू देत."

चार दिवस नाव बंद, म्हणजे सोमवारचा बाजार चुकणार. गाव बोंब मारणार. आणि दोर बदलल्यावर कळलं की जुना चांगलाच होता, तर? मेंढपाळाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळणार. पंतोजींना ते सगळं आधीच ऐकू येऊ लागलं.

"इतक्यात नको," ते म्हणाले. "दव नसताना एकदा मापतो. सोमवारी तुला खात्रीने सांगतो."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल ते खरं." आणि ती उतरून गेली.

रविवारी कडक ऊन पडलं. दुपारी दोर खडखडीत वाळला होता. पंतोजींनी धागा गुंडाळला, गाठ मारली, सोडला, पुन्हा गुंडाळला. तीन वेळा मापलं. मग तोच धागा घेऊन घरी आले, गणित मांडलं, उलटं मांडून ताडून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. झाडाजवळ दोराचा तिसरा हिस्साच उरला होता.

आता शंकेला जागा नव्हती. पंतोजींना अंगातून ताप उतरावा तसं वाटलं. उद्या सकाळी पहिल्या खेपेच्या आधी जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आत्ताच जावं का, असंही एकदा मनात आलं. पण नावाडीण दिवसभर दमलेली असेल, आणि रविवारी नाव चालत नाही, तेव्हा घाई कशाला?

सोमवारी ते रोजच्यापेक्षा लवकर निघाले. पण वर पाऊस झाला होता आणि नदी फुगली होती. पाणी आणखी चढायच्या आत बाजारकऱ्यांना पोचवावं, म्हणून नावाडीणही लवकर निघाली होती. पंतोजी अर्जुनाखाली पोचले तेव्हा नाव काठापासून पन्नास हात आत गेली होती. नावेत नऊ बायका होत्या. घोंगडी अंथरलेली होती, चाकू मांडलेले होते. मेंढपाळाने नुकताच त्या दिवशीचा पहिला तंतू कापून पागोट्यात खोवला होता.

पंतोजी धावत उतारापर्यंत गेले. त्यांनी हात वर केला आणि हाक मारली.

पण माणूस सत्तर वर्षं ज्या आवाजात बोलतो, तोच आवाज ऐन वेळी त्याच्या गळ्यातून निघतो. पंतोजींचा आवाज वर्गातल्या पहिल्या रांगेपुरता होता. आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे:

"मला आपलं वाटतं..."

नदीच्या आवाजात ते विरून गेलं. नावाडीणीला काठावर पंतोजी हात वर करून उभे दिसले. सोमवारी खात्रीने सांगतो म्हणाले होते, आणि आता हात दाखवत आहेत, म्हणजे सगळं ठीक असणार, असं तिला वाटलं. तिनेही एक हात वर केला, हसली, आणि दोर पुन्हा दोन्ही हातांत घेऊन जोराने ओढला.

नाव मधल्या धारेत शिरली. अर्जुनाजवळ एक बारीकसा आवाज झाला, ओलं कापड फाटावं तसा. मग दुसरा. पंतोजींनी मागे वळून पाहिलं, तर दोराचे पेड एकेक करून उलगडत होते. बैठकीतले दहा जण उठून उभे राहिले होते. कुणीतरी दोर धरायला झेपावला. दोर त्याच्या हातातून सरकला, सळकन पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला.

पलीकडच्या खांबाला दोर अजून बांधलेला होता. पण अलीकडचं सुटलेलं टोक आता नावेच्या कडीतून धावू लागलं होतं. ते पूर्ण निसटलं असतं, तर नाव मोकळी होऊन सरळ कड्याकडे गेली असती. नावाडीणीला हे कळायला क्षणसुद्धा लागला नाही. तिने धावता दोर आपल्या दंडाला दोन वेढे देऊन अडवला, आणि पाय नावेच्या कडेला रोवून ती मागे झुकली. नाव प्रवाहाबरोबर खाली जाता जाता पलीकडच्या काठाकडे वळली. उथळ पाण्यात आली तशा बायकांनी भराभर उड्या टाकल्या. नऊच्या नऊ जणी काठाला लागल्या. मागाहून त्यांनी सांगितलं, की शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिने दोर सोडला नाही, आणि नंतर तिला तो सोडवता आला नाही. दोर दंडात रुतून बसला होता. नाव कातळावर आदळून फुटली आणि ताणलेल्या दोराने तिला पाण्याखाली ओढून धरलं.

अलीकडच्या काठावर अकरा चाकू होते, सगळ्या मुलखात धारदार. तिच्या दंडावरचे दोन वेढे त्यांतल्या कुठल्याही चाकूने एका फटक्यात कापले असते. पण सगळे अलीकडे होते.

मग एकेकाला कंठ फुटला, आणि प्रत्येकजण एकच वाक्य बोलला. मी तर दर खेपेला एकच कापायचो. पाटील म्हणाले, राणीला एवढी धारच नाही. मेंढपाळाने पागोट्यातला तंतू काढला, मुठीत दाबला आणि घोंगडी तिथेच टाकून तो निघून गेला. त्यानंतर त्याने कुणाची थट्टा केलेली कुणाला आठवत नाही.

नावाडीणीच्या घरी तिची आंधळी सासू होती. तिला सांगायला कोण जाणार, यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. पंतोजी गेले.

म्हातारी ओसरीवर वाखाला पीळ देत बसली होती. त्या घरात दोर वळणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. पंतोजींनी जे झालं ते सांगितलं. म्हातारीचे हात थांबले. रडणं आलं, ते उशिरा आलं आणि लवकर आटलं. मग तिने विचारलं, "पंतोजी, इतकी माणसं तिथे बसायची. दोर झिजलाय हे कुणालाच कळलं नाही का हो?"

पंतोजींपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दव होतं. तंतू सुटे असले की फुगतात. आपण बैठकीत विषय काढला होता. आज सकाळी सांगणारच होतो, लवकर निघालोही होतो. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "आणि पहिला तंतूही मीच कापला."

या वेळी त्यांच्या बोलण्याच्या आधी 'मला आपलं वाटतं' नव्हतं आणि शेवटी 'माझी चूक असेल' नव्हतं. म्हातारी पुढचं ऐकायला थांबली होती. पुढे काही आलं नाही. थोड्या वेळाने तिने मान फिरवली आणि हाताने दाराकडे खूण केली. पंतोजी उठून गेले.

त्या वर्षी नदीवर नाव चालली नाही. पलीकडच्या मुलांची शाळा सुटली ती सुटलीच. बाजार गावापासून तुटला. अर्जुनाखालची बैठक मोडली, आणि पुरुष चाकू कनवटीला खोचत राहिले तरी चारचौघांत कुणी बाहेर काढेना.

पुढच्या चैत्रात गावाने नवा दोर बांधला आणि पलीकडच्या वस्तीतला एक नावाडी आणला. पहिल्या दिवसापासून पंतोजी अर्जुनाखाली येऊन बसू लागले. झाडापासून उतारापर्यंतच्या वीस पावलांत ते दोरावरून हात फिरवत. जरा कुठे खरखरीत लागलं की उठून उभे राहत आणि घसा फाटेपर्यंत ओरडत, "नाव थांबवा!"

नाव थांबे. नावाडी उतरून येई, दोर बघे. दोर धडधाकट असे. लोक चिडत, बाजाराला उशीर होई, पोरं त्यांची नक्कल करत. पंतोजी त्यांना म्हणत, माझी चूक झाली, जा आता. आणि पुन्हा खरखर लागली की पुन्हा ओरडत. असे ते आणखी सहा वर्षं जगले. किती वेळा ओरडले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. त्यांची शंका एकदाही खरी निघाली नाही. गावात त्यांना वेडे पंतोजी म्हणत, आणि ते कानांवर आलं तरी त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

ज्या रात्री पाणी चढे, तिच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटेच येऊन बसत. त्यांच्या मांडीवर एक लहानसा, करंगळीएवढा जाड दोर असे. तो कशाचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. लहानांना कुणी सांगितलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवाशी गाठ असेल, तर मनात आलेली शंका त्याच क्षणी मोठ्याने बोलावी, ती खोटी ठरली तर आपलं हसं होईल, पण खात्रीची वाट पाहिली तर ती कुणाचा तरी जीव घेऊनच येईल.